पायलीचे किलो किती?

“मावशी, एक पायली म्हणजे किती किलो ग?”

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत मला निदान पाच-सहा जणींनी विचारला असेल. भाच्या, पुतण्या, शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी. कारण बहुतेक एकच. आईची किंवा आजीची पदार्थांची वही माळ्यावरच्या ट्रंकेत सापडते. तिच्यात भाजणीला ‘१ पायली तांदूळ’ आणि मसाल्याला ‘२ मापटी धने’ असं लिहिलेलं असतं, आणि तिथे गाडी अडते. मग नेटवर शोधाशोध होते. तिथे एकजण ठामपणे सांगतो पायली म्हणजे चार किलो, दुसरा पाच सांगतो, तिसरा सात. शेवटी कुणाला तरी आठवतं की मावशी शाळेत शिकवायची, तिला विचारू. (मी मराठी शिकवायचे. पण शिक्षक रजेवर गेला की गणिताचा तासही माझ्याच गळ्यात पडायचा, आणि तो मला आवडायचा.)

माझं उत्तर ठरलेलं आहे. असं सांगता येणार नाही. यावर पलीकडून जी शांतता पसरते तिचा अर्थ मला कळतो. म्हातारी विसरली! तर मंडळी, विसरलेले नाही. कोष्टक अजून पाठ आहे. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं एक चिपटं, दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, बारा पायल्यांचा एक मण, वीस मणांची एक खंडी. आम्ही हे परवचा म्हणताना म्हणायचो, आणि ‘निळवं, कोळवं’ म्हणताना हसायचो. उत्तर येत नाही याचं कारण पाठांतरात नाही. प्रश्नातच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे कुणाची पायली? मी वर म्हटलं ते कोष्टक आमच्या घरातलं. काही ठिकाणी मण सोळा पायल्यांचा. खुद्द मुंबईच्या धान्यबाजाराचं जुनं कोष्टक तर निराळंच होतं. दोन टिपऱ्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा एक फरा आणि आठ फऱ्यांची खंडी. म्हणजे मुंबईची खंडी १२८ पायल्यांची आणि आमची २४० पायल्यांची! नाव एकच. वजनातही तोच घोळ. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलोच्या आत, आणि बंगालचा मण सव्वासदतीस किलोच्या थोडा वर. ‘पायलीचे पंधरा आणि अधोलीचे सोळा’ ही म्हण दोन गावांची मापं एका ओटीवर आल्यावर कुणाला तरी सुचली असावी, असा माझा आपला एक अंदाज.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे आणि तीच सगळेजण विसरतात. पायली हे माप आहे, वजन नाही. किती जागा व्यापली ते पायली सांगते, किती भार झाला ते सांगत नाही. शेर मात्र दोन्हीकडे होता, मापी शेर वेगळा आणि वजनी शेर वेगळा, आणि बहुतेक गोंधळ या एका शब्दाने केला आहे. वजनी शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. ‘शेर म्हणजे साधारण किलो, पायलीचे चार शेर, म्हणून पायली म्हणजे चार किलो’ असा सरळ हिशेब लोक करतात. तांदळाला तो कसाबसा जवळपास येतो. धन्याला अजिबात येत नाही.

मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात मी हे करून पाहिलं. लिटरचं स्टीलचं माप घेतलं आणि सुनेचा केक करायचा काटा घेतला. लिटरभर तांदूळ आठशे ग्रॅमच्या आसपास भरले. तीळ सहाशेच्या आसपास. धने जेमतेम तीनशे. चुरमुरे शंभराच्या आतच राहिले. आता वहीतला मसाला घ्या, ‘२ मापटी धने, पाव मापटं तीळ’. मापटं म्हणजे अर्धा शेर, म्हणजे अर्धा किलो, असं धरून अंधेरीच्या भाचीने एक किलो धने आणि सव्वाशे ग्रॅम तीळ आणले. वजनात आठाला एक. वहीतल्या मापाने भरून मग वजन केलं तर ते चाराला एकच्या जवळ येतं. म्हणजे तिळाच्या मानाने धने दुप्पट झाले. मसाल्याला नुसता धन्याचा वास आणि बिचारी म्हणते, आजीच्या हाताची चव आपल्याला नाही! अग, हाताचा काय संबंध, भागाकाराचा आहे.

तिला मी सांगितलं ते इथेही सांगते. वहीतल्या पदार्थांचे किलो करूच नका. घरातली कुठलीही एक वाटी घ्या आणि तिला मापटं म्हणा. दोन वाट्या धने, पाव वाटी तीळ. वही लिहिणारीने प्रमाण लिहून ठेवलं आहे, आकार नव्हे. तिच्या मापट्यात किती मावत होतं याच्याशी तुमच्या मसाल्याला काही देणंघेणं नाही. फक्त सगळं एकाच वाटीने मोजा, म्हणजे झालं.

आणि हे काही जुनाट खूळ नाही. घराघरांत विजेचे राइस कुकर आले आहेत, त्यांच्यासोबत प्लास्टिकचा एक छोटा कप येतो. तो नेहमीच्या पाककृतींतल्या २४० मिलिलिटरच्या कपाएवढा नसतो, १८० मिलिलिटरचा असतो. का, तर ते जपानचं तांदळाचं जुनं माप आहे, ‘गो’ नावाचं. जपानने मेट्रिक पद्धत कधीच घेतली, पण भात शिजवताना त्यांनी गो सोडला नाही आणि कुकरबरोबर तो बोरिवलीच्या ओट्यावरही येऊन बसला. आपण त्याला मुकाट्याने ‘कप’ म्हणतो आणि आजीचं मापटं तेवढं अडगळीत टाकतो.

आपल्याकडेही मापं गेली असं म्हणतात, पण भाषेतून ती हललेली नाहीत. मुलुंडच्या बाजारात आजही ‘पावशेर मिरची’ मागतात आणि भाजीवाला न बोलता २५० ग्रॅम तोलतो. खरा पावशेर २३३ ग्रॅमचा, म्हणजे सतरा ग्रॅम आपला फायदाच. कोळणी करंदी किंवा बोंबील वाट्यावर देतात, तिथे काटा लागतच नाही, दोघींच्या डोळ्यांनी ठरतं. कापसाच्या व्यापारात भाव अजून खंडीवरच सांगतात, ती खंडी सुमारे ३५६ किलोंची. बाजार समितीतला तोलणारा इलेक्ट्रॉनिक काट्यावर काम करतो, पण त्याचं नाव मापाडीच. आणि ‘उत्साह शिगेला पोचला’ असं वर्तमानपत्रं रोज लिहितात त्यातली शीग म्हणजे मापाच्या काठावर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो ती. (जाता जाता एक. पसाभर धान्यातला ‘पसा’ आणि पसायदानातला ‘पसाय’ यांचा संबंध जोडू नका. ‘पसाय’ हा ‘प्रसाद’वरून आलेला आहे. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलं आहे की आता सवय झाली.)

या शिगेवरच आता यायचं आहे, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

हल्ली जुन्या मापांबद्दल फार हळवं लिहिलं जातं. ती म्हणे माणुसकीची मापं होती, हाताच्या ओंजळीतून जन्मली, त्यांच्यात दोन दाणे जास्त पडले तरी कुणी मोजत नसे. आणि मग काय तर सरकारने कोरडे लिटर आणि किलो लादले. वाचायला छान वाटतं. मला मात्र पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायचं तर घरातलीच गोष्ट सांगावी लागेल. नातेवाईक मंडळींनी शांतपणे वाचावं.

आमचं माहेरचं गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबांचा गावच्या खोतीत दोन आण्यांचा हिस्सा होता. खोती कायद्याने गेली १९४९च्या, पण माणसांच्या सवयी एका कायद्याने जात नाहीत. माझा जन्म त्यानंतरचाच, तरी घरात धान्य येताना आणि जाताना मी पाहिलेलं आहे. घरात दोन पितळी पायल्या होत्या. आजी एकीला थोरली म्हणायची आणि दुसरीला धाकटी. आम्हा पोरांना त्या सख्ख्या बहिणीच वाटायच्या. थोरली सुगीनंतर निघायची आणि धाकटी आषाढात. सुगीत कुळं भात घेऊन यायची तेव्हा ओटीवर थोरली. आषाढात त्यांच्या घरातलं संपलं की तीच माणसं मागायला यायची तेव्हा पडवीत धाकटी. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचा. लाभ, दोन, तीन, चार... लाभ कुणाचा हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे, माझ्याही नाही.

आज थोरली बोरिवलीला भावाकडे आहे, तिच्यात मनी प्लँट लावलेला असतो. धाकटी माझ्याकडे. मागच्या भाऊबीजेला मी धाकटी पिशवीत घालून बोरिवलीला नेली आणि दोन्ही लिटरच्या मापाने पाणी ओतून भरल्या. धाकटीत ४ लिटर २०० मिलिलिटर मावलं. थोरलीत ४ लिटर ६००.

भाऊ म्हणाला, “अग, हाताने घडवलेली भांडी ती. ठोकताना थोडं कमीजास्त व्हायचंच.” व्हायचंच, कबूल. पण कमी झालेली नेहमी देताना आणि जास्त झालेली नेहमी घेताना कशी निघते?

हिशेब करून पाहू. व्यवहार दिढीचा. म्हणजे आषाढात एक मण भात न्यायचं आणि सुगीला दीड मण आणून घालायचं. बोलून चालून पन्नास टक्के व्याज. ते चारचौघांत ठरलेलं असे, त्यात लपवाछपवी नव्हती. आता मापं घाला. नेलं ते धाकटीने, बारा पायल्या, म्हणजे ५०.४ लिटर. आणलं ते थोरलीने, अठरा पायल्या, म्हणजे ८२.८ लिटर. व्याज झालं चौसष्ट टक्क्यांच्या वर. हे झालं माप सपाट धरून. घेताना शीग लावून घेत आणि देताना वरून हात फिरवून काठोकाठ सपाट करत, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या शिगेचे आणखी किती टक्के होतात ते काढायला माझ्याजवळ साधन नाही. पण जून-जुलैत ज्या घरात चूल पेटायची पंचाईत, त्या घरातून हे धान्य येत होतं.

आजोबा वाईट माणूस होते असं मी म्हणत नाही. देवभोळे होते, दारी आलेल्याला ताकाशिवाय जाऊ देत नसत. पण माणूस भला असणं आणि त्याचं माप खरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कुळाच्या पोटाला दुसरी जास्त लागते. आमच्या नात्यातले काहीजण अजून म्हणतात की खोतांना उगाच बदनाम केलं. डॉ. आंबेडकरांनी १९३७च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि पुढच्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. तिकडे अलिबागजवळ चरीला शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला, जमिनी पडीक राहिल्या तरी चालतील पण या अटींवर कसणार नाही म्हणून, नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून. एवढी माणसं वर्षानुवर्षं पोटाला चिमटा घेऊन उगाच बसत नाहीत. ज्यांना शंका असेल त्यांनी बोरिवलीला जावं, मनी प्लँट बाजूला काढावा आणि पाणी ओतून पाहावं.

आणि लिटर कोरडा, परका वगैरे म्हणतात त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं, की तो जन्माला आला तोदेखील अशाच तक्रारीतून. १७८९ साली फ्रान्सच्या राजाने रयतेची गाऱ्हाणी लिहून मागवली तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी जे लिहून पाठवलं त्यात जमीनदारांच्या मापांविषयीची रड जागोजाग आहे. खंड घ्यायचं जमीनदाराचं माप मोठं, आणि ते वाढत जातं. सगळ्या देशात एकच माप करा, अशी त्यांची मागणी होती. पुढे क्रांती झाली आणि १७९५च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम आले. आमच्या थोरलीची एखादी बहीण तिकडेही असणार!

आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८पासून नवी वजनं टप्प्याटप्प्याने बाजारात आली. त्याआधी १९५७च्या एप्रिलमध्ये नवे पैसे आले होते. आमची शाळकरी डोकी अगदी मधे सापडली, एका वर्षी पायली आणि आणे, दुसऱ्या वर्षी लिटर आणि पैसे. आई वैतागायची. पण गावातली एक म्हातारी कुळीण वाण्याकडून नवं शिक्क्याचं माप पाहून आली आणि आजीला म्हणाली ते माझ्या कानात राहिलं आहे. “आता तुमची नि माझी पायली एक झाली, बाय.” आजी काही बोलली नाही.

नव्या मापांनी लबाडी संपली असं मात्र मुळीच नाही. सत्तर साली लग्न होऊन मी उपनगरात आले तेव्हा दुधाच्या मापाचा तळ आतून ठोकून वर उचललेला मी पाहिला आहे, आणि रॉकेलच्या मापात फेसच जास्त असायचा. आता तर बिस्किटांच्या पुड्याची किंमत तीच राहते आणि आतले ग्रॅम हळूच कमी होतात. थोरलीची धाकटी झाली ते आपल्याला कळतही नाही. पण फरक असा की आता पुड्यावर ग्रॅम छापावे लागतात, वाचता येणाऱ्याला वाचता येतात आणि तक्रार करायला वैध मापन शास्त्र यंत्रणा नावाचं एक सरकारी खातं आहे. पडवीत उभ्या असलेल्या कुळाने कुठे जायचं होतं?

तेव्हा जुन्या मापांविषयी माझं मत साधं आहे. स्वयंपाकघरात ती जशीच्या तशी वापरा, त्यांचे किलो करू नका, कारण तिथे मापणारी आणि खाणारी एकाच घरातली असते. दोन घरांमध्ये देवघेव आली की मात्र मला लिटरच हवा, सरकारी शिक्क्याचा.

लग्नात नवरी उंबऱ्यावरचं माप ओलांडते तेव्हा ते नक्षीचं, दुकानातून आणलेलं असतं. त्यात किती मावतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याला काही हरकत नाही, ते शोभेचंच आहे. पण कुणाच्या घरी खरी जुनी पायली, अधोली, शेर, चिपटं असं काही असेल तर एक काम करा. लिटरच्या मापाने पाणी ओतून ते भरा. लिटर आणि मिलिलिटर, गावाचं आणि तालुक्याचं नाव, आणि आठवत असेल तर ते माप घेण्याचं होतं की देण्याचं, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आत टाकून ठेवा. मलाही कळवा, मी वहीत नोंदून ठेवते आहे. आतापर्यंत सहा मापं झाली आहेत, सहाही वेगळी. लाकडी माप असेल तर पाण्याऐवजी तांदळाने मोजा, आणि शीग लावू नका.